रॉजर म्हणजे हौ, पण कोणतं हौ?

मागच्या आठवड्यात वर्धा रोडच्या एका लॉनवर मावसभावाचं लग्न होतं. जेवण ऐन रंगात आणि मठ्ठा संपला. कॅटरिंगवाल्या पोराच्या कमरेला वॉकीटॉकी, त्यानं बटन दाबून एकदम ऐटीत सांगितलं, "मठ्ठ्याचा ड्रम पाठव बे लवकर, ओव्हर अँड आउट." तिकडून खरखर झाली अन आवाज आला, "रॉजर." आम्ही आपले ग्लास धरून उभे. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, ड्रमचा पत्ता नाही.

बाजूला आमचे मोठे बाबा होते. वायुसेनेत रेडिओवर होते, रिटायर होऊन जमाना झाला पण कान अजून तिथलेच. म्हणे, "तिकडच्या पोराची काही चूक नाही बाप्पा. तो रॉजर म्हणला. पाठवून राहिलो असं कुठं म्हणला?"

मग पान खाईस्तोवर क्लास झाला आमचा (मठ्ठा आला शेवटी, पण तेव्हा तोंडात पान होतं).

तर रॉजर म्हणजे 'हो' नाहीच मुळी. रॉजर म्हणजे फक्त 'तुझं सगळं ऐकलं'. मोर्सच्या काळात निरोप नीट पोचला की तारवाले उत्तरात नुसतं आर अक्षर टाकायचे, रिसीव्हडचा आर, डिट-डा-डिट, झालं काम. पुढे बोलायचा रेडिओ आला, आता खरखरीत नुसतं 'आर' म्हटलं तर कोणाला काय कळणार, म्हणून प्रत्येक अक्षराला नाव असायचं, एबल, बेकर, चार्ली, डॉग असं, आणि दुसऱ्या महायुद्धात आरचं नाव होतं रॉजर. १९५६ मध्ये अक्षरांची नवी नावं आली, आरचा झाला रोमियो, पण तोवर रॉजर सगळ्यांच्या जिभेवर बसला होता तो बसलाच. बरंच झालं म्हणा, फुटाळा तलावावर उभं राहून कोणी 'रोमियो, रोमियो' करत असता तर मार खाल्ला असता.

'करतो' म्हणायचं असेल तर वेगळा शब्द आहे, विल्को, म्हणजे विल कम्प्लायचं छोटं रूप. 'रॉजर विल्को' म्हणायची पण गरज नाही, करतो म्हटलं म्हणजे ऐकलं हे आलंच ना त्यात. आणि साधं 'हो' पाहिजे तर अफर्मेटिव्ह.

ओव्हर अँड आउटवर तर मोठे बाबा जाम भडकतात. वॉकीटॉकीवर एका वेळी एकालाच बोलता येतं, म्हणून 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तू बोल. 'आउट' म्हणजे बोलणं संपलं, उत्तर नको. दोन्ही एकत्र म्हणजे पाहुण्याला "बसा ना, चहा टाकते" म्हणत दार लावून घेतल्यासारखं.

मी म्हटलं जाऊ द्या ना, शब्दच आहेत. तर ते एकदम गंभीर झाले. २७ मार्च १९७७, टेनेरीफ बेट, दाट धुकं, एकाच धावपट्टीवर दोन बोइंग ७४७. एकाला टेकऑफची परवानगी मिळालेलीच नव्हती, उडाल्यावर कुठून जायचं एवढंच सांगितलं होतं, पण तो निघाला आणि रेडिओवर जे बोलला त्यातून निघालो का उभा आहे हे धड कळेना. टॉवर म्हणाला 'ओके', आणि त्याला जोडून 'थांबा, मी सांगतो', पण नेमकं तेव्हाच दुसऱ्या विमानानंही बटन दाबलेलं, आवाजावर आवाज चढला आणि कॉकपिटमध्ये 'ओके'च्या पुढे नुसती शिट्टी. ५८३ माणसं गेली. त्यानंतर नियम कडक झाले, 'टेकऑफ' हा शब्द खरी परवानगी देताना किंवा रद्द करतानाच काढायचा, आणि परवानगीवर नुसतं रॉजर चालत नाही, ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं.

तसा नागपूरचा अन या भाषेचा संबंध जुना आहे. १९४९ पासून रात्रीची टपाल विमानं दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चारही बाजूंनी सोनेगावला उतरायची, मध्यरात्री थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत आपापल्या गावी परत. शहर झोपलेलं आणि तिथं रेडिओवर कितीदा रॉजर झालं असेल!

पण माझं डोकं घरी आल्यापासून आपल्या 'हौ'वर अडकलंय. आपण नागपूरकर दिवसातून शंभरदा हौ म्हणतो, अन समोरचा दर वेळी त्याचा विल्को समजतो. आमचा प्लंबर तीन दिवसांपासून मला "हौ भाऊ, हौ भाऊ" करून राहिला, अन टाकी गळून राहिली. काल शेवटी विचारलंच, "हौ म्हणजे ऐकलं, का हौ म्हणजे येतो?"

दोन सेकंद थांबला.

"हौ," म्हणला, अन फोन ठेवला.