पुणे-कराड-चिपळूण भूकंपमापक: जिओफोन गच्चीवरून खाली आला

पुणे, कराड आणि चिपळूण इथे आपण घरगुती भूकंपमापक बसवतोय, त्यातला पुण्याचा जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारा सेन्सर) एकदाचा गच्चीवरून पार्किंगच्या कोपऱ्यात आलाय आणि फरक जबरदस्त आहे. वर वारा सुटला की आख्खी बिल्डिंग हलायची आणि तेच ट्रेसवर (नोंदीच्या रेघेवर) उमटायचं. नासाच्या वायकिंग २ यानाचं हेच दुखणं होतं, १९७६ मध्ये मंगळावर उतरलं पण सिस्मोमीटर लँडरच्या डेकवरच, मग काय, बराचसा वाराच मोजत बसला. म्हणून मंगळावरच्याच नासाच्या इनसाइट यानाने डिसेंबर २०१८ मध्ये रोबोटिक हाताने सेन्सर उचलून थेट जमिनीवर ठेवला आणि फेब्रुवारीत त्यावर झाकणही घातलं. आपलं झाकण थर्माकोलचं, चालतंय.

खाली काँक्रीट खरवडून शहाबादी फरशीचा तुकडा सिमेंटमध्ये बसवला, त्यावर ४.५ हर्ट्झचा उभा (फक्त वर-खाली हालचाल टिपणारा) जिओफोन, लेव्हलचा बुडबुडा बरोब्बर मधोमध. सेक्रेटरी काका दोनदा येऊन विचारून गेले, "फुटणार नाही ना रे हे?" सोसायटीचा पंप लागला की ट्रेसवर जाडजूड पट्टा येतो, पण त्याच्या वेळा ठरलेल्या आहेत म्हणून सोडून दिलं. गणपतीत मात्र काही खरं नाही.

परवा मध्यरात्रीनंतर, रस्ता शांत असताना, कोयनेकडचा एक बारका धक्का सापडला! आधी वेगवान पी लाट आली आणि साधारण १५ सेकंदांनी मागून हळू येणारी एस लाट. जवळच्या भूकंपाचं अंतर काढायला या फरकाला ८ ने गुणायचं, म्हणजे १२० किलोमीटरच्या आसपास, आणि कोयना इथून सरळ रेषेत तेवढीच आहे. पण एका उभ्या जिओफोनवरून फक्त अंतर कळतं, दिशा नाही, नकाशावर नुसतं वर्तुळ मिळतं. इनसाइट पण एकटंच होतं पण त्याचा सेन्सर तिन्ही दिशांचा, पी लाट जमीन कुठल्या बाजूला ढकलते त्यावरून दिशेचा अंदाज निघायचा. आपण त्यापेक्षा तीन ठिकाणी स्वस्तातले बसवतोय, तीन वर्तुळं जिथे छेदतील तिथे भूकंप.

कराडच्या भूकंपमापकाचा बोर्ड (नोंद करणारं सर्किट) इंटरनेटवरून वेळ घेतो आणि नेट गेलं की घड्याळ सरकतं. पी लाट सेकंदाला सहाएक किलोमीटर जाते, अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे तीन किलोमीटर गेले, त्यामुळे तिथे जीपीएस मॉड्यूल लावणं आधी. चिपळूणचं नीट चाललंय.

आता कोयनेपासून बघा, पुणे उत्तरेला, कराड पूर्वेला, चिपळूण पश्चिमेला, दक्षिण बाजू सगळी उघडी. कोल्हापुरात कुणाचं बैठं घर असेल, रस्त्यापासून जरा आत, तर सांगा, फरशी आणि सिमेंट मी घेऊन येतो.