चुकीचा अ‍ॅडाप्टर लावला, वस्तू बंद पडली, आता रिपेअर की नवीन?

लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर १२ व्होल्टच्या राउटरला लावला की पिन बऱ्याचदा मस्त बसते. ५.५ मिलिमीटरची ती गोल पिन ९ व्होल्टलाही वापरतात, १२ ला पण आणि १९ ला पण, व्होल्टेज वेगळं असेल तर पिन आत जाऊच नये अशी सोय कुणी केलेलीच नाही, आणि मला याचा खरंच राग येतो, कारण यात वापरणाऱ्याची चूक फार थोडी असते. लाइट एकदा चमकते किंवा तेवढीही नाही, कधी जळका वास येतो, आणि वस्तू बंद. मग प्रश्न येतो की रिपेअरला द्यायची का सरळ नवीन घ्यायची.

बहुतेक जण लगेच हिशोब करायला लागतात, वस्तू केवढ्याची, रिपेअरला किती जातील, जुनी किती झालीये. हा हिशोब करायचाच आहे पण जरा नंतर. आधी हे बघायचं की जादा व्होल्टेज आत कुठपर्यंत पोचलं. दाराशीच, म्हणजे पिन लागते त्या जॅकजवळच, अडलं असेल तर एक छोटा पार्ट बदलून काम होतं, आणि मेन चिपपर्यंत गेलं असेल तर कितीही महागाची वस्तू असली तरी तिच्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही.

त्याआधी नक्की काय चुकलं ते लेबलवरून बघून घ्या, कारण निम्मी घबराट इथेच संपते. अँपिअर जास्त असलेला अ‍ॅडाप्टर लावला म्हणून काही जळत नाही, १२ व्होल्ट १ अँपिअर मागणाऱ्या वस्तूला १२ व्होल्ट ३ अँपिअरचा लावला तरी ती आपल्याला लागेल तेवढाच करंट घेते. उलट कमी अँपिअरचा लावला तर अ‍ॅडाप्टर तापतो, वस्तू मधेच रीस्टार्ट होत राहते, पण ती मेलेली नसते. कमी व्होल्टेजचा लावला तरी बहुतेक वेळा फक्त चालू होत नाही एवढंच. खरं नुकसान होतं ते व्होल्टेज जास्त झालं तर, प्लस-मायनस उलटं लागलं तर, किंवा डीसी मागणाऱ्या वस्तूला एसी आउटपुटवाला अ‍ॅडाप्टर लागला तर (असे असतात, लेबलवर आउटपुटपुढे एसी लिहिलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही).

आता दाराशी काय असतं ते सांगतो. बऱ्याच बोर्डांवर पॉवर जॅकच्या अगदी जवळ टीव्हीएस डायोड नावाचा छोटा काळा पार्ट असतो, राखणदारासारखा. व्होल्टेज ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं की तो सगळा करंट स्वतःवर घेतो, आणि लोड जास्त वेळ राहिला तर स्वतः शॉर्ट होऊन बसतो, म्हणजे मागच्या सर्किटला काही मिळतच नाही. वस्तू पूर्ण मेल्यासारखी दिसते पण आतलं सगळं शाबूत असू शकतं. याची खूण अशी की आता बरोबरचा अ‍ॅडाप्टर लावला तरी अ‍ॅडाप्टरचीच लाइट विझते किंवा लुकलुकायला लागते, कारण पुढे शॉर्ट बघून तो स्वतःला वाचवतो. लोक हे बघून म्हणतात की गेलं सगळं, आणि मला नेमकं तेव्हाच वाटतं की ही वाचेल बहुतेक.

मल्टिमीटर असेल तर सगळ्या वायरी काढून, बीपवाल्या मोडवर, जॅकच्या आतल्या पिनवर एक आणि बाहेरच्या कडेवर एक असे प्रोब लावा. क्षणभर बीप होऊन थांबली तर काळजी नाही, आतले कॅपॅसिटर (थोडी वीज साठवणारे पार्ट) चार्ज होताना तसं होतं. सलग बीप वाजत राहिली तर दाराशी शॉर्ट आहे, टीव्हीएस किंवा इनपुटचा कॅपॅसिटर किंवा पहिलाच पॉवर आयसी (वीज सांभाळणारी चिप). अजिबात काहीच नाही आणि वस्तूही ढिम्म, तर कदाचित फ्यूज उडाला असेल, तसं असेल तर ती पण चांगलीच बातमी.

वाईट केस वेगळी असते. जॅकनंतर एक बक कन्व्हर्टर असतो, तो १२ चे ५ किंवा ३.३ व्होल्ट करतो, त्याच्यापुढे आणखी छोटे रेग्युलेटर १.८ किंवा १.२ पर्यंत खाली आणतात. यातले बरेच स्वस्त बक आयसी १८ व्होल्टच्या वर टिकायला बनवलेलेच नसतात, म्हणून १९ चा अ‍ॅडाप्टर त्यांना नेमका नडतो. हा आयसी नुसता बंद पडला तर ठीक, नवीन बसवता येतो. पण त्याच्या आतला वरचा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा स्विच) शॉर्ट झाला तर अख्खे १९ व्होल्ट ३.३ वाल्या लाइनवर जातात आणि प्रोसेसर, मेमरी, वायफाय सगळं एका फटक्यात जातं. याची खूण म्हणजे बरोबर अ‍ॅडाप्टर लावल्यावर काही सेकंदात मेन चिप हात लावता येणार नाही इतकी तापते. असं दिसलं की मी लोकांना स्पष्ट सांगतो की याच्यावर आता खर्च करू नका. बोर्ड बदलून मिळत असेल तर ठीक, नाहीतर नवीन.

एका वस्तूबद्दल मात्र किंमतीचा विचार करायचाच नाही, ती म्हणजे एक्स्टर्नल हार्ड डिस्क. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर लागतो आणि तिला लॅपटॉपचा लावला जाणं हा अगदी नेहमीचा प्रकार आहे. डिस्क नवीन मिळते, आतले फोटो मिळत नाहीत. घाबरून कुणाच्या तरी सांगण्यावरून फेकून देऊ नका, कारण खूपदा फक्त बाहेरच्या डब्यातलं छोटं बोर्ड गेलेलं असतं आणि आतली डिस्क काढून दुसऱ्या साटा कनेक्टरला (डिस्क कॉम्प्युटरला जोडायचा नेहमीचा कनेक्टर) लावली की सगळं दिसतं. डिस्कच्या स्वतःच्या बोर्डवरही साधारणपणे दोन टीव्हीएस असतात, एक ५ व्होल्टच्या लाइनला आणि एक १२ च्या. त्यातला शॉर्ट झालेला काढून टाकला की डिस्क परत फिरायला लागते असं पुष्कळ वेळा होतं, पण मग ती विनासंरक्षण चालतेय हे लक्षात ठेवायचं, डेटा कॉपी करून घ्यायचा आणि तिथेच थांबायचं, रोजच्या वापराला ती डिस्क नको. आणखी दोन गोष्टी. सेम मॉडेलचं बोर्ड आणून लावलं की झालं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, कारण आजकालच्या डिस्कच्या बोर्डवर बहुतेकदा एक आठ पायांची छोटी रॉम चिप असते तिच्यात त्याच डिस्कची स्वतःची सेटिंग असते, ती चिप जुन्या बोर्डवरून नव्यावर न्यावी लागते. आणि काही एक्स्टर्नल डिस्कमध्ये डब्यातलं बोर्डच डेटा एन्क्रिप्ट करतं, म्हणजे कुलूपबंद ठेवतं, त्यामुळे डिस्क बाहेर काढून लावल्यावर विंडोज म्हणतं फॉरमॅट करा. करू नका, प्लीज. डेटा महत्त्वाचा असेल तर तिथेच हात काढून घ्या आणि डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

उलटं प्लस-मायनस लागण्याचा त्रास सगळ्यात जास्त गिटारवाल्यांना होतो, कारण त्यांच्या ९ व्होल्टच्या बहुतेक पेडलना (गिटारचा आवाज बदलणारे, पायाने दाबायचे डबे) आतली पिन मायनस लागते आणि बाकी जगात बहुतेक ठिकाणी आतली पिन प्लस असते. लेबलवर ते गोल आणि टिंबाचं चिन्ह असतं त्यात हेच दाखवलेलं असतं. वस्तूत सिरीजमध्ये, म्हणजे करंटच्या वाटेतच, डायोड असेल तर काहीच होत नाही, बरोबर अ‍ॅडाप्टर लावला की चालू. डायोड प्लस आणि मायनसच्या मधे आडवा लावलेला असेल तर तो एकटा जळतो, बदलायला सोपा. काहीच नसेल तर आयसीमधून उलटा करंट जातो, आणि मग वरचंच सगळं लागू.

टाइप सीमुळे हे सगळं संपलं असं वाटतं, आणि बऱ्यापैकी संपलंय पण, कारण टाइप सीचा चार्जर आधी ५ व्होल्टच देतो, समोरच्याने मागितलं तरच ९, १५, २० वर जातो. पण केबलची वायरिंगच चुकीची असेल तर हे बोलणं होतच नाही. गूगलचे इंजिनीअर बेन्सन लेउंग अशा केबल तपासायचे, २०१६ मध्ये एका उलट्या वायरिंगच्या केबलने त्यांचा लॅपटॉपच खराब केला. आणि गोल पिनचं टाइप सी करून देणारे ते स्वस्त कन्व्हर्टर मला तर अजिबात पटत नाहीत, काही आत काहीही न विचारता १२ किंवा १९ सरळ पुढे ढकलतात.

दोन ठिकाणी मी रिपेअरचं नावसुद्धा काढत नाही. बॅटरी फुगली असेल तर ती वस्तू परत चार्जिंगला लावायचीच नाही, लिथियम बॅटरीला एकदा जादा व्होल्टेज बसलं की ती वरून ठीक दिसली तरी भरवशाची नाही. आणि कुणाच्या श्वासासाठी वा औषधासाठी चालणारं मशीन असेल तर कंपनीकडूनच तपासून घ्या किंवा बदला, इथे एक डायोड बदलून चालू झालं यावर समाधान मानायचं नाही.

बाकी रिपेअर झालेल्या वस्तूला थोडे दिवस नजरेसमोर ठेवा. झटका खाल्लेला कॅपॅसिटर लगेच मरत नाही, हळूहळू फुगतो, वस्तू आधीपेक्षा गरम लागते किंवा कारण नसताना रीस्टार्ट होते. स्पीकर, राउटर, मॉनिटरसाठी एवढी जोखीम मी आनंदाने घेतो. पण रात्रभर एकटं चालू राहणारं काही असेल, किंवा सगळा बॅकअप ज्याच्यावर आहे असं काही असेल, तर रिपेअर करून ते कमी महत्त्वाच्या कामाला लावा आणि त्या जागी नवीन आणा.