तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा कसला विचार करते मी?

ऑफिसात, घरी, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हा प्रश्न हमखास येतो, "एवढा कसला विचार करतेस गं?" खरं उत्तर दिलं की लोक हिरमुसतात, कारण त्यांना काहीतरी दुःख हवं असतं नाहीतर निदान कोणाची तरी आठवण. तसलं काही नसतं हो. परवा फास्ट लोकलमध्ये ठाण्याला विंडो सीट मिळाली आणि मी सुरू झाले, की चार वर्षांपूर्वी जाऊबाई "तुझ्या आमटीला चव नसते" म्हणाल्या तेव्हा मी काय बोलायला हवं होतं, मग त्या काय म्हणाल्या असत्या, मग परत मी, मग सासूबाई चक्क माझ्या बाजूने (इथेच शंका यायला हवी होती), आणि भांडण जिंकेपर्यंत डोंबिवली मागे गेली आणि समोर कल्याण. उतरून उलटी गाडी पकडली, घरी पोचायला पाऊण तास उशीर.

बरं, हे माझं एकटीचंच आहे असंही नाही. किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत छापलंय, २,२५० लोकांना आयफोनवरून दिवसात मध्येच विचारायचे की आत्ता काय करताय, मन त्यातच आहे का, आणि कसं वाटतंय. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन भलतीकडेच होतं! आणि मन भटकत असताना लोक कमी खूश होते, छान छान विचार करत असले तरी हातातल्या कामात रमलेल्यांपेक्षा जास्त खूश नव्हतेच. म्हणजे जाऊबाईंना हरवूनही माझ्या हाती काही नाही, हे मात्र मला पटलं.

पण मग शिक्का माझ्यावरच का? नवरा छताकडे बघत पडला की "त्याचं डोकं चालूय, बोलू नकोस" आणि मी गॅससमोर तशीच उभी राहिले की "बरं नाही का तुला?"

'मनातले मांडे' म्हणणाऱ्यांनी मांडे करताना कधी बघितलेत का, असं मला नेहमी वाटतं. माझी मावशी खानदेशातली, पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत असा वाढवते की तो कोपरापर्यंत लोंबतो, आणि मग पालथ्या खापरावर अलगद टाकते, एक भोक पडत नाही. माझे मनातले मांडे पुरणापर्यंतसुद्धा पोचत नाहीत, त्यातही मी हरभऱ्याची डाळ कुठल्या दुकानात स्वस्त मिळेल हेच बघत असते.

म्हणून हल्ली कोणी विचारलं की मी सांगते, "सिलेंडरचा नंबर लावायचा राहिलाय." लगेच मान डोलावतात, आणि मी परत सुरू.