लाल स्लाइम काढताना मासे कसे सांभाळले

खाऱ्या पाण्याचा टँक जरा स्थिरावला, आपण निर्धास्त झालो, की नेमकं हे लाल स्लाइम येतं. माझ्याकडे आधी वाळूवर मरून रंगाचे ठिपके दिसले, मग सायीसारखा सलग थर. दुपारी लाइटखाली त्यावर बारीक बुडबुडे यायचे. रात्री थर विरळ व्हायचा, त्यामुळे सकाळी वाटायचं गेलं बहुतेक; संध्याकाळपर्यंत पुन्हा ठाण मांडून.

जिथून मासे घेतो त्या दुकानातल्या भाऊंनी तोडगा लगेच सांगितला. "एरिथ्रोमायसिनच्या गोळ्या कुटून टाका साहेब, दोन दिवसांत साफ." गोळी लागू पडते हे खरं, कारण हा सायनोबॅक्टेरिया, म्हणजे जिवाणूच. पण म्हणूनच मी बिचकलो. माशांनी सोडलेला विषारी अमोनिया पचवणारेही जिवाणूच. ते याच औषधाच्या तावडीत सापडले तर? शिवाय ते अँटिबायोटिकचं पाणी शेवटी गटारातच ओतायचं. चार माशांच्या टँकसाठी हे मला पटलं नाही.

आधी हे सायनोच आहे ना, याची खात्री केली. डायनोफ्लॅजेलेट्स (दुसरे एकपेशीय सूक्ष्मजीव) हेही बुडबुडे धरतात, पण ते बहुधा तपकिरी आणि तंतूंसारखे लोंबणारे असतात, आणि पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट, म्हणजे त्यातलं खत, शून्यावर आलं की उलट फोफावतात. माझा थर लाल होता आणि चादरीसारखा अखंड सुटून येत होता.

मग सायफन. साधी एअर पंपाची बारीक नळी, खाली बादली. वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह तयार करणारा पंप) आधी बंद करायचा, नाहीतर सुटलेले तुकडे टँकभर उडतात आणि जिथे पडतात तिथे नवा संसार थाटतात. दुपार उलटल्यावर बुडबुड्यांनी थराच्या कडा उचललेल्या असतात; नळी कडेला धरली की अख्खा पापुद्रा सळकन आत जातो. बादलीतल्या पाण्याला कुबट वास. जेवढं पाणी गेलं तेवढं नवं, 1.025 ग्रॅव्हिटीचं (म्हणजे समुद्राइतकं) खारं पाणी त्याच तापमानाला आणून भरलं.

पण मूळ कारण राहिलंच होतं. टेस्ट किट नायट्रेट जवळपास शून्य दाखवत होतं, आणि इथेच माणूस फसतो: पाण्यात उतरलेलं खत हा थर लगेच खाऊन टाकतो, किटच्या वाट्याला काय उरणार? म्हणून मी टॉप-अपचं, म्हणजे बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी भरायचं पाणीच तपासलं. ते स्वयंपाकघरातल्या आरओचं. आई म्हणाली, "अरे, आपण पितो तेच ना?" तेच, पण घरगुती आरओत चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. टीडीएस मीटरवर शून्य कधीच येत नाही. म्हणून आरओनंतर उरलेले क्षारही काढणारं वेगळं आरओ-डीआय युनिट घेतलं. फ्रोझन मायसिस (माशांना खाऊ घालायची गोठवलेली बारीक कोळंबी) गाळणीत धुऊन द्यायला लागलो आणि वेव्हमेकर खडकामागच्या साचलेल्या कोपऱ्याकडे वळवला. माझ्या मते निम्मं काम या शेवटच्या गोष्टीनेच झालं.

उरलेल्यासाठी 72 तास अंधार. माझ्याकडे प्रकाशावर जगणारे प्रवाळ नाहीत (आपल्याकडे प्रवाळांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्या भानगडीत मी पडत नाही), त्यामुळे लाइट बंद ठेवायला हरकत नव्हती. खरी काळजी प्राणवायूची. 25 अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात 6.8 च्या आसपास. पाणी तापलं की आणखी कमी. त्यात अंधारात मेलेला थर कुजताना उरलासुरला प्राणवायूही ओढतो. 240 कोटी वर्षांपूर्वी ज्या सायनोबॅक्टेरियांनी पृथ्वीची हवा प्राणवायूने भरली, त्यांच्याच मरणाने माझे क्लाउनफिश गुदमरले असते! म्हणून आधी जमेल तेवढा थर हाताने काढला आणि मगच अंधार केला. एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सतत चालू, स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) चालू, आणि वीज गेली तर म्हणून बॅटरीवरचा पंप भरून तयार. रोज सकाळी अमोनिया तपासायचो आणि टॉर्च क्षणभर मारून कल्ल्यांची हालचाल बघायचो. मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागला असता, तर उपाय तिथेच थांबवून पाणी बदललं असतं.

मित्राने बाजारातलं तयार औषध वापरलं. त्याचे मासे वाचले, पण स्किमर उतू जाऊन हॉलभर फेस झाला. औषध घ्यायचंच असेल तर वाळू-खडकांची जागा वजा करून खरं पाणी किती ते मोजा, फिल्टरमधला कार्बन काढा (तो औषध शोषून घेतो), स्किमरवर नजर ठेवा, हवा दुप्पट करा आणि बाटलीवर लिहिलंय तेव्हा पाणी बदला. "थोडं जास्त टाकू" हा मोह मात्र नको.

अंधारानंतर वाळू स्वच्छ दिसली. मागच्या कोपऱ्यात अजून अधूनमधून रुपयाएवढा डाग येतो. पाणी बदलताना तो नळीने ओढून घेतो.