साठीनंतर मोडी शिकताना

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात अशी घरं पुष्कळ आहेत, जिथं माळ्यावरच्या पेटीत जुन्या मोडी लिपीतले कागद पडून आहेत आणि ते वाचणारं माणूस घरात उरलेलं नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्याआधी इंग्रजी अंमल, त्याच्याही आधी पेशवाई. आमचं शहापूर तर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं; बेळगाव इंग्रजांचं आणि त्याला खेटून असलेलं शहापूर पटवर्धनांचं. सावकाराची वही, कुलकर्ण्याचं दप्तर, घरजागेचं खत अशा कागदांना त्या काळी मोडीच चालायची. पुढं शाळेतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत आपल्याच घरचे कागद आपल्याला परके झाले. ही खंत मला फार वर्षं होती, पण पतसंस्थेतली नोकरी आणि संसार यांत सवड म्हणून मिळाली नाही. निवृत्त झाल्यावर पहिलं काम हेच करायचं, असं ठरवलं होतं.

वर्ग शोधण्यातच बराच काळ गेला. महाराष्ट्रात पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग होतात, पण घर सोडून तिकडं राहणं मला शक्य नव्हतं. एका ठिकाणी चौकशी केली तर फॉर्मवरच वयाची अट होती. दुसरीकडं ज्येष्ठांसाठी म्हणून जो वर्ग चालायचा, तो चहा, गप्पा आणि अधूनमधून एखादं व्याख्यान असा होता. तसे वर्ग असावेत, त्यांनीही माणसाचा एकटेपणा जातो. पण मला शिकायचं होतं. वय झालेल्या माणसाला नुसतं रमवायचं असतं, असं धरून चालणं मला पटत नाही. आम्हालाही गृहपाठ द्या, वही तपासा, चुकलं तर लाल शाईनं खूण करा.

शेवटी असा वर्ग शहरातल्याच एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर सापडला. दर रविवारी सकाळी, फी नाममात्र, शिकवणारे सर निवृत्त इतिहास शिक्षक. वयाची अट नाही, आणि गृहपाठ सक्तीचा. निपाणीच्या एक निवृत्त शिक्षिका यायच्या, वडगावचे एक विणकर, कॉलेजात इतिहास शिकणारी दोन मुलं, आणि एक कन्नड भाषिक वकील, ज्यांच्या घरी देसगतीचे, म्हणजे देसाईंच्या वतनाचे, कागद होते. निपाणीच्या बाईंना लाल बसनं यायचं म्हणजे मोठा पल्ला. पण जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना तिकीट नाही, त्यामुळं त्या निदान खर्चाचा विचार न करता येत. असल्या वर्गाला येणं-जाणं परवडतं की नाही, यावर निम्मं गणित असतं. रविवारी सकाळी घरातून निघणं हे उरलेलं निम्मं.

पहिल्या दिवशी सरांनी एकही अक्षर शिकवलं नाही. कोऱ्या पानावर डावीकडून उजवीकडं सरळ ओळ ओढायला लावली, तीही पानभर. देवनागरीत आपण आधी अक्षर काढतो आणि मग त्याच्या डोक्यावर रेघ देतो. मोडीत आधी सबंध ओळीची शिरोरेघ, आणि मग तिच्या खाली अक्षरं. सर म्हणाले, "ओळ ही दांडी. अक्षरं तिला वाळत घालायची." मग मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं. हात शक्यतो उचलायचा नाही, एका अक्षराचं शेपूट पुढच्या अक्षरात शिरलं पाहिजे. शब्द तोडायचे नाहीत. विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. आणि र हा तर वर्गातल्या सगळ्यांचा छळवादी. तो मागच्या अक्षराला चिकटला की दोघांचं रूप पालटतं, आणि नवशिक्याला तिथं तिसरंच काहीतरी दिसतं.

ज्यांना मोडी शिकायची आहे त्यांना माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे. तक्ता भिंतीला लावून नुसता बघू नका, लिहा. आमच्या वर्गात ज्यांनी फक्त वाचायचा प्रयत्न केला, ते जोडाक्षरांपाशी अडले आणि बहुतेकांनी यायचं सोडलं. हाताला वळण माहीत झालं की डोळा आपोआप ओळखतो, कारण लिहिणाऱ्यानं कुठं घाई केली असेल हे तुमच्या मनगटाला कळतं. मी घरातला सगळा हिशोब मोडीत लिहायला लागले. दुधाचा रतीब, गॅस कधी लावला, किराणा. सून यादी घेऊन दुकानात गेली आणि तिथून फोन, "आई, ह्यात मीठ कुठं लिहिलाय?" तिला फोनवर सांगितलं, वरून तिसरी ओळ. आता तिला मीठ, साखर आणि तूरडाळ मोडीत ओळखता येतात.

वयाचं म्हणाल तर पाठांतर मंद होतं, हे खरंच आहे. जे अक्षर कॉलेजची मुलं एका बैठकीत टिपत, ते मला चार वेळा गिरवावं लागायचं. नजरही कमी. त्यावर उपाय साधे आहेत. कागदाचा मोबाइलवर फोटो काढायचा, मोठा करून वाचायचा, आणि दिवसा खिडकीशी बसायचं. ट्यूबलाइटखाली फिकट शाई दिसतच नाही.

पण सराव झाल्यावर प्रत्यक्ष जुने कागद समोर आले तेव्हा चित्र उलटं झालं. मुलं अक्षर लावायची धडाधड, आणि लावून थांबायची. "काकू, खंडी, मण, पायली असं काय काय आलंय, ह्याचं काय करायचं?" आता हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. चार शेरांची पायली, बारा पायलींचा मण, वीस मणांची खंडी, हे आमच्या खळ्यावर कानांवर पडलेलं. एक पायली भात म्हणजे किती, हे मी ओंजळीनं दाखवू शकते. रकमेपुढच्या उभ्या रेघांचंही तेच. एक रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रुपयाच्या हिशोबात चार, आठ आणि बारा आणे. ज्यांनी पावकी, निमकी, पाऊणकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकले किंवा निदान वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले, त्यांना ते बघताक्षणी कळतं. मोडी वाचणं म्हणजे अक्षर लावणं इतकंच नाही. त्या कागदामागचं शेत, बाजार, कर्ज, वाटणी माहीत असावी लागते, आणि ती आमच्या पिढीकडं आहे. म्हणून असल्या वर्गात साठीपुढच्या माणसांनी यायलाच पाहिजे असं मला वाटतं. तरुणांनी अक्षर लावावं, आम्ही अर्थ लावावा, अशी आमच्या बाकावर जोडीच ठरून गेली होती.

कालगणनेत मात्र सगळेच सारखे अडाणी. पेशवाईतल्या कागदांवर साल अरबी शब्दांत असतं, आणि तेही उलट, आधी एकक, मग दशक, मग शतक. सरांनी पानिपतावर शिकवलं. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. सन इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१. हा सुहूर सन. तो मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो. म्हणून जून ते डिसेंबरमधल्या तारखेला त्यात ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. ११६१ मध्ये ६०० मिळवा, १७६१. मृगावर वर्ष बदलणं आम्हा खानापूरकडच्या माणसांना अगदी रास्त वाटलं. आमच्याकडं पेरणीचं वर्ष तिथूनच तर सुरू होतं.

परीक्षा झाली. ठरलेल्या वेळात एका कागदाचं देवनागरीत लिप्यंतर करायचं होतं, ते केलं. प्रमाणपत्र कपाटात आहे.

त्यानंतर मी माहेरचे कागद हातात घेतले. भावानं ते जपून ठेवले होते. पहिला उलगडला तो कर्जाचा. आठ घड्या, घडीच्या रेघांवर कागद विरलेला, एका कोपऱ्यात कसरीनं खाल्लेली भोकं. ऐन रकमेच्या जागी नेमकं एक भोक होतं, पण खाली रक्कम अक्षरी लिहिलेली होती, त्यानं भागलं. पणजोबांनी बैलजोडीसाठी पैसे घेतले होते, आणि फेड सुगीत भातानं करायची, असं ठरलं होतं. लिहिणाऱ्याचं वळण सरळ, पेशवाईतलं नीटस अक्षर नव्हे, पण घाईचंही नव्हे. सर्वांत खाली साक्षीदारांच्या ओळी. आणि त्यांच्या वर, सहीच्या जागी, नांगर.

शेतकऱ्याची निशाणी नांगर, हे वर्गात शिकले होते, इतर कागदांवर पाहिलंही होतं. पण हा आमच्या माणसाचा. एक तिरकी रेघ, तिला खालून फाळाचा वाक, वर रुमण्याची, म्हणजे हातात धरायच्या दांड्याची, आडवी काडी. शाई एका ठिकाणी जाड झालेली, तिथं टाक थांबला असणार. ज्याला एक अक्षर येत नव्हतं, त्यानं कर्जाच्या कागदावर आपलं रोजचं अवजार काढून शब्द दिला. भावाला फोटो पाठवला. तो म्हणाला, "अक्का, पुढचे पण वाच की." पुढच्या एका कागदावर कर्ज फिटल्याची नोंद निघाली, तेव्हा आम्ही दोघंही फोनवर थोडा वेळ गप्प होतो.

वकीलसाहेबांच्या घरचे कागद वाचायला आम्ही तिघंचौघं अजूनही जमतो. भाषा मराठी, लिपी मोडी, गावांची आणि माणसांची नावं कन्नड. तिथं ते स्वतः नावं सांगतात, आम्ही बाकीचं लावतो. माणसांचं आणि शेताचं नाव बरोबर लागल्याशिवाय पुढं जायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. तो चांगला आहे. एका शेताच्या नावावर अख्खी सकाळ गेली होती, आणि मग त्यांच्या आईंनी आतून सांगितलं की ते शेत अजून त्याच नावानं ओळखतात.

तुमच्या घरी असे कागद असतील तर चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नका. चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांत कागदात मुरून तपकिरी होतो आणि मग अक्षरही जातं. घड्या जोर न लावता उलगडा, सपाट ठेवा, स्वच्छ सुती कापडात गुंडाळा. जुन्या दप्तरखान्यांत रुमालातच बांधून ठेवत, ते उगीच नाही. दोन्ही बाजूंचे फोटो काढा. मागच्या बाजूला बऱ्याचदा एखादीच ओळ असते, आणि तारीख किंवा फेडीची नोंद नेमकी तिथंच सापडते. आणि जवळपास कुठं वर्ग सुरू झाला तर मूळ कागद घेऊन न जाता फोटो घेऊन जा. वही मात्र दोनरेघी घ्या, आणि पहिले काही रविवार नुसती ओळ ओढायला लावली तरी कंटाळू नका.