वाद्यांविना हेन्री रोलिन्स
अमेरिकन रॉक गायक हेन्री रोलिन्स स्वतःचीच फजिती रंगवून सांगत होता आणि मी भर बसमध्ये मोठ्याने हसलो. शेजारच्या काकूंनी पिशवी जवळ ओढून घेतली. मी ऐकत होतो तो त्याचा १९९३चा, नुसत्या बोलण्याचा अल्बम 'द बॉक्स्ड लाइफ'.

'ब्लॅक फ्लॅग' या पंक रॉक बँडमध्ये घसा फोडून गाणारा, आणि १९८१मध्ये त्या बँडमध्ये जाण्यापूर्वी वॉशिंग्टनमध्ये आइस्क्रीमचे दुकान सांभाळणारा हा माणूस इथे प्रेक्षकांसमोर नुसता बोलतो. हशा ओसरण्याआधीच त्याचे पुढचे वाक्य सुरू होते. मला तरी ही लय विनोदवीराची न वाटता, ड्रमच्या आवाजाशी वर्षानुवर्षे झुंजलेल्या गायकाची वाटली.

काही किस्से लांबतात, हेही खरे. तरी 'डेड केनेडीज' या पंक बँडचा गायक जेलो बियाफ्रा याच्याखेरीज, वाद्ये बाजूला ठेवून इतका वेळ धरून ठेवणारा आणखी कोणी रॉक गायक तुम्ही ऐकला आहे का?