मेथकुटाच्या वासाची वाईन

वाईनच्या ग्लासातून मेथकुटाचा वास आला, तर ग्लास नीट विसळला होता ना, अशी शंका येईल. पण ग्लासात फ्रान्सच्या जुरा भागातली ‘व्हँ झोन’, म्हणजे पिवळी वाईन असेल, तर तो वास यायलाच हवा. मेथीला तिचा वास देणारं सोटोलॉन नावाचं द्रव्य या वाईनमध्येही तयार होतं.

द्राक्षाची जात एकच, सावान्यँ. एरवी पिंपातली वाईन उडून कमी झाली की वरून भर घालतात, कारण हवा लागली की ती बिघडते. इथे मुद्दाम घालत नाहीत. मग मोकळ्या जागेत वाईनवर यीस्टची पातळ साय धरते. लोणच्यावर असा पांढरा थर दिसला की घरात हळहळ सुरू होते. इथे सगळी भिस्त त्याच्यावर. साय हवेला थोपवते, पण थोडी झिरपूही देते, आणि त्यातून अक्रोड, हिरवं सफरचंद, मसाल्याचा वास उतरतो. ती नीट धरली नाही तर व्हिनेगर होतं. म्हणून पिंपांतले नमुने अधूनमधून तपासतात आणि आंबटाकडे झुकलेलं पिंप वेगळं काढतात. द्राक्षं काढल्यापासून सहाव्या वर्षाच्या 15 डिसेंबरपर्यंत ही वाईन पिंपातच ठेवावी लागते; त्यातले किमान 60 महिने सायीखाली. तोवर लिटरमागे साधारण 62 सेंटिलिटर उरते, म्हणून तिची बुटकी ‘क्लाव्हलँ’ बाटलीही तेवढ्याच मापाची.

हिला कला म्हणायचं तर कलाकार कोण? माणसाचं काम बहुतेक हात आवरण्याचंच. शातो-शालाँ हे जुरामधलं याच वाईनसाठी नावाजलेलं गाव; तिथल्या उत्पादकांनी तर 1974, 1980, 1984 आणि 2001 साली, द्राक्षं मनाजोगी नव्हती म्हणून, गावाच्या नावाने वाईन काढलीच नाही. इतका हट्ट गवयालाही परवडत नाही.

फ्रिजमधून काढून थेट ओतलीत तर वास मिटून जातो. 14 ते 16 अंशांवर, बाटली काही तास आधी उघडून, थोडीशीच ओतावी. पहिला घोट बहुधा निराश करतो: गोडवा नाही, फळांचा रसाळपणा नाही, नुसता कोरडा खारट तिखटपणा. तेव्हा मत देऊ नये. काँते चीजचा तुकडा किंवा चार अक्रोड खाऊन दुसरा घोट घ्यावा. मग ती जिभेवरून हलायला तयार नसते. उरलेली बाटली बूच लावून ठेवली तर आठवडे टिकते. इतकी वर्षं हवेशी घरोबा केल्यावर आता तिला कसली भीती?

ग्लास मात्र लगेच विसळू नका. रिकाम्या ग्लासातही मेथी बराच वेळ रेंगाळते.